आखूड दोर

आजी : दोरावर बसू नका, भाऊजी. तो बांधायला वळलाय, टेकायला नाही. पिंपाशेजारी बाकडं आहे, तिथं बसा.

मुकादम : वहिनी, मी बसायला आलेलोच नाही. बाहेर हातगाडी उभी आहे, चार गडी उभे आहेत. उद्या दुपारी प्रवाह आपली अख्खी तराफ्यांची वस्ती त्या जमिनीच्या तोंडाशी नेऊन सोडणार. तोवर कडेच्या एकूण एक तराफ्यावर दोर पोचला पाहिजे. तो तेवढा द्या, मी निघतो.

आजी : पोचेल. या घरचा दोर कधी उशिरा पोचलाय? तुमच्या लग्नाला तुम्ही स्वतः उशिरा आलात, पण तुमच्या नव्या तराफ्याचा दोर वेळेवर होता.

मुकादम : झालं. माझं लग्न निघालं.

आजी : आणि दोर न्यायचा तर आधी गोष्ट ऐकावी लागेल. माझ्या नातीनं जमीन शोधली, आणि तुम्ही तिच्या घरात येऊन न ऐकता जाणार? सख्ख्या भावाची नात आहे तुमच्या.

मुकादम : ऐकलीय, वहिनी. जाळेवाल्यांकडून ऐकली, न्हाव्याकडून ऐकली. काल दाढ दाखवायला गेलो, तर डॉक्टरीणबाईनं माझ्या तोंडात चिमटा घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली.

आजी : लोकांकडून ऐकलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्यानं चघळलेला घास. भिंगरे, पुढं ये. कोपऱ्यात काथ्या विंचरत बसलीये बघा, जणू जमीन शेजारणीनं शोधलीय.

भिंगरी : आजी, राहू दे ना. त्यांना घाई आहे.

आजी : बघा. सोळा वर्षं जिभेला हाड नव्हतं, परत आल्यापासून फुटलंय. मग मीच सांगते. धुकं असं, की आपलाच हात आपल्याला ओळख देईना. त्यात तुम्ही चार वाटाडे पुढं धाडलेत, वस्तीच्या वाटेत काय वाढून ठेवलंय ते बघायला. तिघं बाप्ये. त्यांना दिशा कुठल्या, तर जिकडं मासळी गवसते त्या. आणि ही सगळ्यात धाकटी, वाटाड्याचा बिल्ला अंगरख्यावर अजून नीट शिवलासुद्धा नव्हता. हिला कुठली, तर जिकडं गेलेला माणूस ‘मेलो’ म्हणून सांगायलाही परत येत नाही ती.

मुकादम : चिठ्ठ्या टाकल्या होत्या, वहिनी.

आजी : आणि दुमडल्या कुणी होत्या? राहू दे, आज चांगल्या दिवशी बोलत नाही. हिचे आईबाप जाळ्यावर, महिना महिना तोंड दाखवत नाहीत. तेव्हा दारातून निरोप दिला तो मी. काय म्हटलं गं मी?

भिंगरी : आखूड बांध.

आजी : आखूड बांध. या वस्तीत कुणी कुणाला ‘जाऊन ये’ म्हणत नाही, ‘आखूड बांध’ म्हणतात, आणि ते या म्हातारीमुळं. माझ्या दारावर कोरलंय. होडी असो नाहीतर तराफा असो, दोराला ढिलाई ठेवली की लाट आली, आणि लाकडावर लाकूड आपटलं. ते सांगायला मला शाळेत जावं लागलं नाही.

मुकादम : जमीन, वहिनी. जमिनीवर या.

आजी : येतेय. पूर्वज आभाळातून जहाजानं उतरले तेव्हापासून सात पिढ्या नुसतं पाणी बघितलंत, आता घटकाभर दम धरवत नाही. तर त्या धुक्यात हिला भांडण ऐकू आलं. डोक्यावरून. ही मान वर करते, तर हवेत मासे. पंख हलवत पोहतायत आणि एकमेकांशी कचाकचा भांडतायत.

भिंगरी : मासे नव्हते, आजी. पाखरं असणार. जुन्या गोष्टीत असतात ना, ती.

आजी : तू आधी कधी पाखरं पाहिली होतीस?

भिंगरी : नाही.

आजी : मग मासेच म्हणू दे. ऐकणाऱ्याला डोळ्यापुढं तरी येतात. तर ही निघाली त्यांच्या मागं. आणि धुकं फाटलं, आणि समोर जमीन. हिरवीगार. दोन हात पुढं पसरलेले, मधे शांत पाणी, जशी आई लेकराला म्हणते, ये. आपली वस्ती त्या दोन हातांत मावेल आणि वर जागा उरेल. हिनं होडी टेकवली, उडी मारली, आणि...

भिंगरी : आजी, ते नको.

आजी : आणि पडली. सपशेल तोंडावर. उठली, परत पडली. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर. का, तर जमीन हलेचना. जन्मापासून जिच्या पायाखाली सगळं डुलतंय, तिला ते निश्चल लागलं.

मुकादम : खरंच हलत नाही ती?

भिंगरी : अजिबात नाही, आजोबा. फार विचित्र वाटतं. आपण पाय टाकतो ती फळी वर येईल म्हणून, आणि ती येतच नाही. गुडघा आपला एकटाच वाकतो.

मुकादम : आपण म्हणतो खरं, पायाखालची जमीन सरकली. मला लहानपणी कळायचंच नाही, त्यात घाबरण्यासारखं काय आहे. आपलं तर सगळंच सरकतं.

आजी : आता हिची अक्कल ऐका. आपल्याकडं एखादा तराफा डुलायचा थांबला, तर काय समजायचं?

मुकादम : पोटात पाणी भरलं. बुडणार. लेकरं उचलायची आणि शेजारच्या तराफ्यावर पळायचं.

आजी : हिनं तेच केलं. जमीन बुडतेय म्हणून होडीत जाऊन बसली, आणि बसली वाट बघत, आता बुडेल, मग बुडेल. मग कान लावून ठोकून पाहिली, कुठं पोकळ वाजते का.

भिंगरी : हसा. तुम्ही असतात तर तुम्हीही बसला असतात.

मुकादम : मी बसलो नसतो. मी दोर कापून वल्हं मारत सुटलो असतो.

आजी : म्हणून तुम्ही मुकादम झालात आणि जमीन हिनं शोधली. मग धीर करून वर चढली आणि हिला काय दिसलं? गोड पाणी. दोन दगडांच्या फटीतून आपोआप येतंय, कुणी पिंप लावलेलं नाही, कुणी पावसाची वाट बघत नाही. भाऊजी, गेल्या कोरड्या हंगामात मी या हातांनी पोरांना पाणी घोटाघोटानं मोजून दिलंय. तुमचा नातू कपडा चोखत होता. विसरलात?

मुकादम : नाही विसरलो. म्हणून तर पळतोय सकाळपासून. प्रवाह एकदा का त्या जमिनीवरून पुढं गेला, की वस्ती मागं वळवायची ताकद आपल्यात नाही. उद्या बांधलो तर बांधलो. नाहीतर पुढच्या सात पिढ्या हीच गोष्ट सांगत बसायची.

आजी : बांधाल. कशानं बांधाल, तेही बघून घ्या. ती भिंतीवर लटकतेय ती बघितलीत?

मुकादम : कडी आहे.

आजी : हिच्या होडीच्या नाकाची लोखंडी कडी. आणि तिला अजून बिलगून बसलाय तो माझा दोर. हिनं होडी दगडाच्या सुळक्याला बांधली होती, मी शिकवलं तशी, नाक दगडाला टेकेल इतकी आखूड. ही पाणी बघायला वर गेली, आणि मागून खालून आला राक्षस. होडीला धरून असा हिसका दिला, की लाकूड फाटलं, कडी नाकातून उपटून निघाली. पण दोर तुटला? एक पदर तरी उसवला? हात लावून बघा.

मुकादम : राक्षस म्हणजे?

आजी : मासा. मोठा. असणारच.

मुकादम : तू बघितलास का गं तो मासा?

भिंगरी : मी मासा म्हटलंच नव्हतं. आजी म्हणाली. मग न्हावी म्हणाला. मग सगळेच म्हणायला लागले.

आजी : तर काय, लाकूड खोकला येऊन फाटलं? मासाच तो. चला, आता खुशाल न्या दोर. दारामागं रचून ठेवलेत, सगळे एका मापाचे, सगळे आखूड.

मुकादम : चला. उद्या सांजेला पहिलं गोड पाणी तुम्हाला आणून देतो, वहिनी. येतो, पोरी. आखूड बांध.

आजी : आजोबा निरोप घेतायत. तोंड उघड.

भिंगरी : आजोबा, थांबा. नका नेऊ ते दोर.

मुकादम : म्हणजे काय?

भिंगरी : मासा नव्हता. मी वरून खाली आले ना, तेव्हा माझी होडी लटकत होती. हवेत. नाक वर, शेपूट खाली, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी. खाली पाणीच नव्हतं. मी बघत होते तेवढ्यात कडाकडा वाजलं, आणि नुसती कडी दोरावर राहिली. होडी खाली दगडांवर.

आजी : पाणी नव्हतं म्हणजे? समुद्रातलं पाणी जाईल कुठं? त्याला काय बुडाशी तोटी आहे?

भिंगरी : मलाही आधी वाटलं, जमीनच वर आली. मग होडी ठोकून दुरुस्त करायला दोन दिवस तिथंच राहिले, आणि बघत राहिले. पाणी खाली जातं, आजी. पार खाली, दोन पुरुष खोल तरी. आणि परत येतं. कुणी काही न करता. दगडावर ओला पट्टा आहे, तिथवर शिंपले चिकटलेत. आपले चंद्र जसे फिरतात तसं ते होत असावं.

मुकादम : मग आपल्याला इतकी वर्षं कसं कळलं नाही?

भिंगरी : कशावरून कळणार? पाणी वर गेलं की आपणही वर, खाली गेलं की आपणही खाली. सगळी वस्ती एकदम. बघायला थांबलेलं कुणीच नाही. आपण म्हणतो ना, तब्येतीला ओहोटी लागली. पूर्वजांना ठाऊक असेल ओहोटी कशाला म्हणतात ते. आपल्याकडं नुसता शब्द उरला.

मुकादम : आणि हे तू आज सांगतेस? सात दिवस झाले तुला येऊन.

भिंगरी : कसं सांगू? मी होडीतून उतरायच्या आधी आजीनं ती कडी उचलली आणि गल्लीभर दाखवत गेली, दोर तुटला नाही म्हणून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तुमचा नियम ठाऊक आहे मला. आपल्या गाठीनं ज्याची होडी फुटली, त्याचा बिल्ला जातो. मासा म्हटलं की बिल्ला राहत होता. मला वाटलं, तुम्ही तिथं पोचल्यावर स्वतः बघालच. आता हे आखूड दोर बघितले, आणि... उद्या दुपारी बांधलं, सांजेला पाणी उतरलं, की कडेचे सगळे तराफे लटकणार. त्यांच्यावर आमची बालवाडी आहे, आजोबा.

मुकादम : माझंही घर आहे.

आजी : ऐकून घेतलं. आता माझं ऐक, बये. दोन दिवस दगडावर राहिलीस आणि मला दोर शिकवतेस? ढिला दोर म्हणजे काय, ते ठाऊक आहे तुला? तुझ्या आजोबाला विचार. नाही विचारता येणार. दोन तराफ्यांत ढिला दोर होता. वादळ आलं, तराफे लांब गेले आणि जवळ आले, आणि हे मधे उभे होते, कुणाचं तरी लेकरू पलीकडं देत. या तुझ्या मुकादम आजोबांनी उचलून आणलं त्यांना. तेव्हा मी दारावर कोरलं. हौस म्हणून नाही कोरलं.

मुकादम : खरं आहे ते, पोरी.

भिंगरी : मला ठाऊक आहे, आजी. लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त एक दाखवू? तुझी सुयांची लाकडी वाटी दे.

आजी : सुयांना हात लावायचा नाही.

भिंगरी : सुया वाटीतच राहू देत. आजोबा, जरा सरका. हे काथ्या भिजवायचं पिंप म्हणजे समुद्र. काठाला आतून खिळा आहे, तो सुळका. ही वाटी म्हणजे आपली वस्ती, ही बघा तरंगतेय. हिला खिळ्याला दोऱ्यानं बांधते. आखूड. आता खालची तोटी सोडा.

मुकादम : पाणी फळ्यांवर सांडेल.

आजी : माझ्या फळ्या आहेत, तुमचं काय जातंय? सोडा.

मुकादम : सोडली. माझे जोडे... राहू दे. उतरतंय. उतरतंय. वाटी एका अंगाला उचलली.

भिंगरी : आणि बघा.

आजी : माझ्या सुया.

भिंगरी : काढून देते. पण बघितलंस ना? आता हाच दोरा लांब सोडते. वाटी पाण्याबरोबर खाली गेली. सुया असत्या तर एक सांडली नसती.

आजी : बघितलं. आता पाणी परत वर आण. म्हणालीस ना, येतं परत? भाऊजी, ती बादली उचला. बघता काय, मुकादम असलात म्हणून हात झिजत नाहीत. ओता. अजून. हं. आता पिंप हलवा, अशी लाट येऊ दे. ऐका.

(वाटी पिंपाच्या काठावर आपटत राहते.)

आजी : हा आवाज. लाकडावर लाकूड. माझी झोप आजही या आवाजानं मोडते. आखूड बांधलं तर लटकणार, लांब बांधलं तर आपटणार. कुठला मरणाचा प्रकार निवडायचा, तेवढं सांग.

मुकादम : मग जमिनीला बांधायचंच नाही. पुढं जाऊ. सात पिढ्या जगलो, अजून जगू.

भिंगरी : कपडा चोखत?

मुकादम : पोरी, तोंड सांभाळ.

भिंगरी : चुकले. पण काहीतरी असेलच ना. दोर सैलही पाहिजे आणि घट्टही पाहिजे, असं काहीतरी.

आजी : सैलही आणि घट्टही. म्हणे. असा काय दोर असतो का? भिजला की आखडतो, वाळला की... थांब. भाऊजी, पिंप हलवायचं थांबवा, मला ऐकू येईना.

मुकादम : काय ऐकायचंय?

आजी : माझंच. ओला दोर मी वाळत कशी घालते, बघितलंयस ना गं?

भिंगरी : मधोमध वजन लटकवून.

आजी : का?

भिंगरी : दोर आखडला की वजन वर उचललं जातं, दोर तुटत नाही. सैलावला की वजन खाली येतं आणि झोळ पडत नाही. दोर सारखा ताणलेला... आजी.

आजी : ‘आजी’ काय? तो तुझा दगड आण.

मुकादम : कुठला दगड?

आजी : दाराला अडकवलाय तो. जमिनीवरून माझ्यासाठी काय आणलं, तर दगड. जन्मभर हिला ‘दगड’ म्हणून शिव्या दिल्या, म्हणून म्हणाली, बघ तरी कसा असतो. दिसायला बरा आहे. तो बांध दोऱ्याच्या मधोमध. पलीकडच्या काठालाही खिळा आहे, त्या बाजूनं दुसरा दोरा. जमिनीचे दोन हात म्हणालीस ना? मग दोन्ही हातांना धरायचं. तिकडं माझी कात्री लटकव, सारख्याच वजनाची आहे. ठेव वाटी मधे. सुया टाक आत.

भिंगरी : सुया?

आजी : टाक म्हणते ना. मला खात्री आहे. भाऊजी, हलवा.

मुकादम : हलवतो. मधेच राहिली.

आजी : नीट हलवा. पोरांचं अंगाई गाणं नाही ते.

मुकादम : हलवतोय, वहिनी, माझी बाही भिजली. काठाला लागत नाही ती.

भिंगरी : आता तोटी. उतरतंय. दगड वर यायला लागला, कात्री पण. वाटी सरळ आहे, सरळच आहे. पार खाली गेली आणि एक सुई सांडली नाही. आजी, भारी आहेस तू.

आजी : ते आज कळलं? आणि नीट ऐकून ठेवा, दोघंही. तराफ्याला तराफा आखूडच. ते माझं खोटं नाही. जे आपल्याबरोबर वरखाली होतं त्याला आखूड. जमीन आपल्याबरोबर येणारी नाही, हट्टी बाई आहे ती. तिला लांब.

मुकादम : सगळं खरं, पण लांब दोर आहे कुठं? हे सगळे आखूड वळलेत. एका दिवसात नवे वळून होणार नाहीत.

आजी : नाही होणार.

भिंगरी : सांधले तर? तीन-तीन एकात.

मुकादम : पोरी, ते तुझ्या आजीपुढं बोलू नकोस. या उंबऱ्याबाहेर सांध्याचा दोर कधी गेलेला नाही. एकदा मी मागितला होता, तर मला सहा महिने चहा मिळाला नव्हता.

आजी : आठ महिने. भाऊजी, ते चार गडी बाहेर काय करतायत?

मुकादम : हातगाडीपाशी उभे आहेत.

आजी : हातगाडी उभी राहू शकते एकटी. त्यांना आत बोलवा. जोडे बाहेर, हात धुऊन. एकेकानं टोकं उसवायची, पदरात पदर घालायचा, मी प्रत्येक सांध्यावर पाय देऊन बघणार. जो निसटला, त्याच्या मालकाला मीच वजन म्हणून लटकवते. गल्लीतल्या बायकांनाही निरोप द्या. म्हणावं, दोरवालीकडं सांधे घालायचेत. विश्वास बसणार नाही, पण बघायला तरी येतील.

मुकादम : आणि वजनं? आपल्याकडं लोखंड ते केवढंसं. आभाळातल्या जहाजाचं तेवढं एक दार आहे कचेरीत, मानाचं.

आजी : ते उतरवा. तुम्ही त्याच्याखाली डुलक्या घेता, तेवढाच त्याचा उपयोग.

भिंगरी : कशाला? तिथं दगड पडलेत, आजोबा. वाटेल तेवढे. फक्त कुणीतरी आज पुढं जायला हवं. दगड गोळा करायचे, आणि ओल्या पट्ट्याच्या वर कुठले सुळके पक्के आहेत ते बघून ठेवायचे. म्हणजे उद्या वस्ती आली की नुसतं बांधायचं. दोघं-तिघं पुरतील. मी... मी जागा सांगते त्यांना. बिल्ला काढून दिला तरी जागा सांगता येते.

आजी : काय हो भाऊजी? ऐकलंत ना, पोर काय म्हणतेय?

मुकादम : वहिनी, नियम मी केलेला नाही. आपल्या गाठीनं होडी फुटली तर बिल्ला जातो. माझ्या सख्ख्या मुलाचा काढला होता मी.

आजी : ठाऊक आहे. तेव्हा तुमची बाजू घेऊन भांडले ती मीच.

मुकादम : पण गाठ तिची असली, तरी आखूड बांध म्हणून आपण सगळ्यांनी सांगितलं होतं. मघाशी मीसुद्धा सांगितलं. मग बिल्ले कुणाकुणाचे काढत बसू? उद्या सांजेनंतर बघू. पोरी, तुझी होडी समुद्रात न्यायच्या लायकीची आहे का?

भिंगरी : नाकावर फळी ठोकलीये. इथवर आणली.

मुकादम : ती नको. माझी घे.

आजी : तुमची? जिच्यावर तुम्ही मला पिशवीसुद्धा ठेवू देत नाही ती? उशीवाली?

मुकादम : उशी काढून ठेव म्हणजे झालं. ओली होते. जाळेवाल्यांची दोन पोरं देतो बरोबर. आत्ता निघालात तर उजेडात पोचाल. मी गड्यांना आत धाडतो, आणि वहिनी...

आजी : काय?

मुकादम : दादा असता, तर आज पहिला सांधा त्यानं घातला असता. हौशीनं.

आजी : आणि चुकवला असता. जा आता, बायका गोळा करा.

भिंगरी : मी पण निघू, आजी?

आजी : तोंड पूस आधी. हा माझा कोट घाल. पाणी घेतलंस? आणि हा दोर घे, हा सांध्याचा नाही, एकसंध आहे, लांब. तुझ्या आईच्या लग्नाच्या तराफ्यासाठी वळला होता, फार लांब झाला म्हणून ठेवून दिला. उगाच जपत होते.

भिंगरी : तिथं तू उतरशील ना, तेव्हा मी हात धरेन. पहिल्यांदा सगळेच पडतात.

आजी : मी नाही पडणार. तूच सांभाळ.

भिंगरी : बरं. येते.

आजी : ये. आता का उभी राहिलीस दारात?

भिंगरी : तू काही म्हणाली नाहीस. निघताना म्हणतेस ते.

आजी : हं.

भिंगरी : सांग ना.

आजी : बघून बांध.